शेऱ्याचा रकाना

आमगावच्या सुमित्राबाई रहांगडाले यांनी एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली. बाळंतिणी पाहिल्या, डोस पाजले, आणि शेवटची दहा-बारा वर्षं शाळाशाळांतून पोरांची बोटं टोचून सिकलसेलची तपासणी केली. आमच्याकडे हा आजार काही नवा नाही. आई आणि बाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण रक्तात तो दोष असलेले, तर त्यांच्या पोटी आजारी मूल येऊ शकतं. अशी मुलं सांधे धरून रात्रंदिवस कशी कण्हतात ते बाईंनी पाहिलं होतं. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मात्र मूल आजारी निघत नाही. एवढंच ते गणित. बाई ते सांगून सांगून थकल्या. लोक माना डोलवायचे आणि पत्रिका जुळवायला जायचे.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र उघडलं. नियम एकच. बायोडाटासोबत सिकलसेलचा रिपोर्ट हवा, नाहीतर नाव घेणार नाही. स्थळ पुढे सरकलं की बाई मुलाला आणि मुलीला समोरासमोर बसवून रिपोर्ट सांगत. बाकीच्या नातेवाइकांना सांगायचं की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. बाईंच्या तोंडून ते तिसऱ्या माणसाला कधी कळलं नाही. वहीतही त्या काही लिहीत नसत. वाहकाच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीचा एक ठिपका. आधी सोयरीक मोडली असेल तर दोन ठिपके. वही कुणाच्या हाती पडली असती तरी त्याला वाटलं असतं, पेन्सिल चुकून टेकली.

सात वर्षांत सहाशेवर नावं झाली. मग बाईंच्या बहिणीचा मुलगा हिमांशु मदतीला आला. वय एकोणतीस, इंजिनिअर, नोकरी नाही, आणि नोकरी नसलेल्या इंजिनिअरला जगात सगळं सुधारावंसं वाटतं तसं त्यालाही वाटत होतं. त्याने वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. ठिपक्यांचा अर्थ विचारला. बाईंनी सांगितला, घरचाच पोरगा म्हणून. त्याने ठिपक्याच्या जागी सरळ 'सिकलसेल वाहक' असं टंकून टाकलं. दोन ठिपक्यांच्या जागी 'सोयरीक मोडली', आणि कंसात मावशीला विचारून घेतलेलं कारण आणि समोरच्याचं नाव.

पुढची सुधारणा म्हणजे ईमेल. नागपुरात 'शुभसंदेश' नावाची एक कंपनी होती. धंदा असा की दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या वतीने मेल धाडायची. साडीचं दुकान असो की शिकवणी वर्ग, तुम्ही यादी द्या, आम्ही पाठवतो. हिमांशुने ठरवलं की दर रविवारी सगळ्यांना नव्या स्थळांची मेल जाईल.

"नाव आन् मेलचा पत्ता, एवढंच द्यायचं ना?" बाईंनी विचारलं होतं.

"हो मावशी. बाकी त्यांना कायले लागते?"

पण कंपनीचा गोड बोलणारा माणूस त्याला म्हणाला होता, सर, माहिती जितकी जास्त द्याल तितकी मेल नेमकी जाईल. हिमांशुला 'सर' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने अख्खी फाईल चढवली, शेऱ्याच्या रकान्यासकट. मावशीला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

हे झालं जूनमध्ये. कार्तिकात धान कापणीला आलं, तेव्हा मुर्रीचे टेकचंद कटरे बांधावर उभे असताना त्यांना एक फोन आला. हिंदीत बोलणारी बाई. "आपकी बेटी प्रेरणाजी के सिकलसेल के लिए हमारे पास गारंटी की दवा है. तीन महीने का कोर्स." टेकचंदांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला. प्रेरणा वाहक आहे हे घरातल्या तिघांना, सुमित्राबाईंना आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला ठाऊक होतं. सहावा माणूस नव्हता.

ते तसेच मोटरसायकलवर आमगावला आले. कपड्यांना धानाची कुसं चिकटलेली. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"बाई, तुमी कोनाले बोलल्या का?"

"नाई भाऊ."

"मंग ते दवाईवालीले कसं माहीत? पोरीचं नाव घेऊन बोलून राहिली होती."

बाईंनी हिमांशुकडे पाहिलं. तो लॅपटॉपकडे पाहत होता. एकतीस वर्षं नर्स राहिलेल्या बाईला चेहरा वाचायला वेळ लागत नाही. त्यांनी टेकचंदांना एवढंच सांगितलं की चूक माझ्या घरातून झाली आहे, किती झाली ते शोधून मी तुमच्या घरी येऊन सांगते. ते गेल्यावर त्यांनी हिमांशुला सगळं वदवून घेतलं. ओरडल्या नाहीत. तो रडायला लागला तेव्हा मात्र म्हणाल्या, "रडू नको. तुह्या रडन्याचा कोनाले उपेग नाई. कंपनीले फोन लाव."

कंपनीने तीन दिवस फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला आणि सांगितलं, आमच्याकडून काही गेलेलं नाही, तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल, तपासून घ्या. तोवर अशाच फोनच्या तक्रारी सालेकसा, गोरेगाव, देवरीहून यायला लागल्या होत्या. कुणाला औषध, कुणाला ताईत, कुणाला 'मोडलेली सोयरीक जुळवून देणारा' महाराज. एका मुलीला तर मोडलेल्या सोयरिकीतल्या मुलाचं नाव घेऊन फोनवर धमकावलं.

दहाव्या दिवशी कंपनीचा माफीचा मेल आला. असं गुळगुळीत लिहायला माणूस पगारावर ठेवलेला असावा. 'आपली गोपनीयता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे. आमच्या एका भागीदार यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाल्याचं निदर्शनास आलं आहे. आपला पासवर्ड वा बँकेचा तपशील यात नव्हता. केवळ मूलभूत माहिती प्रभावित झाली असण्याची शक्यता आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली एक हसऱ्या मुलीचा फोटो, कानाला हेडफोन.

आणि हा मेल त्यांनी सहाशे बारा लोकांना एकाच वेळी, सगळ्यांचे पत्ते वर उघडे ठेवून पाठवला. लोकांच्या कामाचे मेल पाठवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना एक मेल धड पाठवता आला नाही. आतापर्यंत यादी चोरांकडेच होती. माफी आली तशी तिच्यातली नावं सहाशे बारा घरांत पोचली. केंद्रात नाव कुणाकुणाचं आहे, कोणाची मुलगी, कोणाचा घटस्फोटित मुलगा, हे आता प्रत्येकाला बसल्या जागी वाचता येत होतं. एका माणसाने त्याच मेलला उत्तर देऊन सगळ्यांना विचारलं, 'ही भूमिका म्हणजे आमच्या शेजारची का?' असेही लोक असतात.

सुमित्राबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नागपूरला गेल्या. हिमांशुला सोबत घेतलं. तो यायला तयार नव्हता. त्या म्हणाल्या, "चाल. तू दिलं, तू आयक."

'शुभसंदेश'चं ऑफिस एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर, खाली ज्यूसचं दुकान. मालक भुपेंद्र नावाचा, चाळिशीचा, अंगाला अत्तराचा वास. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि आपण किती दुःखी आहोत ते सांगितलं. मग म्हणाला, "मॅडम, टेक्निकली सर्व्हर आमचा नाही. आम्ही पण भाड्याने घेतो. ते लोक बंगळुरूचे. त्यांनीही कुणाला तरी काम दिलं होतं. म्हणजे आम्ही पण एक प्रकारे पीडितच आहोत."

"तुमाले किती फोन आले दवाईवालीचे?" बाईंनी विचारलं.

"मला कशाला येतील?"

"मंग तुमी कायचे पीडित?"

तो हसला. त्याला वाटलं, खेड्यातली म्हातारी विनोद करते आहे. "मॅडम, समजून घ्या. ही फक्त बेसिक माहिती होती. नाव, फोन, एक-दोन रकाने."

"त्या एक-दोन रकान्यांत काय लिहिलं होतं ते वाचलं का तुमी?"

"आम्ही ग्राहकांचा डेटा वाचत नाही. आमची पॉलिसी आहे."

 पुढे बाई मला म्हणाल्या, "मी गावातले चोर पायले, दारुडे पायले, बायको मारनारे पायले. त्यायले मनातून तरी समजते आपन काय केलं ते. या मानसाच्या अंगात ते जागाच नव्हती." त्यांनी त्याच्याकडे तीन गोष्टी मागितल्या. यादी पुसल्याचं लिहून द्या. ती कधी, कशी गेली ते लिहून द्या. आणि तुमचा एक माणूस माझ्यासोबत घरोघर पाठवा, तो त्या लोकांच्या डोळ्यांसमोर उभं राहून सांगेल.

तिसरी मागणी ऐकून भुपेंद्र खरोखर गोंधळला. "घरोघर? मॅडम, आम्ही मेल पाठवला ना."

लिहून काही मिळालं नाही. मिळालं ते एक कुपन, पुढचे तीन महिने मेलची सेवा निम्म्या दरात. हिमांशुने ते जिन्यातच फाडलं. त्या दिवशी त्याने केलेलं तेवढंच एक बरं काम.

इकडे मुर्रीत गोष्ट चिघळली होती. प्रेरणा तिथल्याच वीज उपकेंद्रात ऑपरेटर. सोयरीक तिरोड्याकडच्या इंद्रकुमारशी झालेली, साक्षगंध उरकलेलं, लग्न माघात. बाईंनी दोघांना समोर बसवून रिपोर्ट सांगितला तेव्हा इंद्रकुमारचा रिपोर्ट स्वच्छ होता आणि तो म्हणाला होता, मला काही अडचण नाही. पण चोरीला गेलेल्या यादीचं एक पान, शेऱ्याच्या रकान्यासकट, कुणीतरी छापून त्याचा फोटो काढला आणि तो फिरत फिरत इंद्रकुमारच्या काकांच्या फोनवर पोचला. काका म्हणजे मुन्नालाल, राईस मिलचे मालक. घरात शब्द त्यांचा चालायचा. पानावर पंचवीसेक नावं, त्यांत प्रेरणाचं.

पाहुणे बोलणी करायला आले तेव्हा टेकचंदांनी सुमित्राबाईंना बोलावून घेतलं. हिमांशुही आला. मुन्नालालनी खुर्ची अंगणाच्या मधोमध ओढून घेतली आणि फोन वर धरला.

"खून खराब आहे पोरीचा, आन् आमाले सांगितलं नाही. धोखा आहे हा."

"खराब नाई," बाई म्हणाल्या. "वाहक आहे. पोराचा रिपोर्ट साफ आहे, म्हनजे लेकरं आजारी होनार नाईत. पोराले मी सोता सांगितलं होतं. विचारा त्याले."

सगळ्यांनी इंद्रकुमारकडे पाहिलं. तो खाली बघून पायाच्या अंगठ्याने शेणसड्यावर रेघ ओढत होता.  'हो, मला माहीत होतं' हे चार शब्द होते. ते काढायला त्याला अर्धा तास मिळाला, आणि त्याने अर्धा तास रेघा ओढल्या.

मुन्नालाल बोलतच होते. आमच्या खानदानात असलं काही नाही. आमच्या घरात अशी मुलगी जन्मली असती तर आम्ही तोंड दाखवलं नसतं.

इथे हिमांशु पुढे सरकला. कारण ती यादी त्याने स्वतःच्या हाताने टंकली होती, आणि मुन्नालालची मुलगी नीतू तिच्यात होती. तीन वर्षांपूर्वी मुन्नालालच तिचा रिपोर्ट घेऊन बाईंकडे आले होते, हात जोडून म्हणाले होते, कुणाला कळू देऊ नका. नीतू वाहक होती. बाईंनी तिला वाहक नसलेला मुलगा पाहून दिला, नवऱ्याला सांगितलं, सासू-सासऱ्यांना नाही. बालाघाटला सुखात होती. मुन्नालालच्या फोनवरच्या पानात तिचं नाव नव्हतं, ते दुसऱ्या पानावर होतं.

बाईंनी हिमांशुचा दंड धरला. इतकं घट्ट की त्याला वाटलं ब्लडप्रेशर घेतायत. तो मागे सरकला.

एका वाक्यात मुन्नालाल त्या अंगणातून उठून गेले असते. बाईंनी ते वाक्य उच्चारलं नाही. त्यांचा तिरस्कार कमी होता म्हणून नव्हे. त्यांनी मला सांगितलं, "तो मानूस थुंकायच्या लायकीचा नव्हता. पन नीतूनं माह्यं काय बिघडवलं?"

सोयरीक मोडली. साक्षगंधाची साडी आणि अंगठी परत गेली. प्रेरणा आतून सगळं ऐकत होती. पाहुणे गेल्यावर बाहेर आली आणि बाईंसमोर बसली.

"तुमच्यावर राग आहे माझा," ती म्हणाली.

"असू दे."

"आम्ही विश्वासानं तुमच्याकडे ठेवलं ते तुमच्या भाच्यानं फुकटात वाटलं."

"हो." बाईंनी सफाई दिली नाही. हिमांशु काही बोलायला गेला तर त्याला बोटाने थांबवलं.

"पण पोलिसांत जायचं असेल तर मी येते सोबत," प्रेरणा म्हणाली. "माझं नाव तसंही सगळ्यांना माहीत झालं आहे. दुसऱ्या कोणी पोरगी पुढे येणार नाही."

गोंदियाच्या सायबर पोलिसांत दोघींनी तक्रार दिली. लिहून घेणाऱ्या शिपायाने विचारलं, पैसे किती गेले? पैसे गेले नाहीत म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. प्रेरणाने ते उचलून त्याच्या हातात परत दिलं. तक्रार घ्यायला सव्वादोन तास लागले. घेतली.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते कुणी त्यांना करायला सांगितलं नव्हतं. वाहक आणि मोडलेल्या सोयरिकी मिळून एकशे सत्तर घरं होती. हिमांशुच्या गाडीवर मागे बसून त्या प्रत्येक घरी गेल्या. दारात उभं राहून सांगायचं: तुमच्या पोरीची अमुक गोष्ट माझ्याकडून बाहेर गेली, तिच्यामुळे असे असे फोन येतील, औषध घेऊ नका, बावा-महाराजाला भुलू नका, फोन आला तर नंबर लिहून ठेवा. मग हिमांशुने सांगायचं, ही फाईल मी दिली. पहिल्या वीस घरांत त्याचा आवाज फुटत नव्हता. पुढे फुटायला लागला. काही घरांत शिव्या मिळाल्या. एका घरी म्हातारीने हिमांशुच्या अंगावर ताक फेकलं. एका घरी चहा मिळाला.

मुन्नालालच्या घरीही त्या गेल्या. यादीत नाव होतं, म्हणून जायचं होतं. हिमांशुला गाडीजवळ थांबवून एकट्या ओसरीवर गेल्या. मुन्नालालनी बसा म्हटलं नाही.

"नीतूचं नाव बी त्या यादीत आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्याकडच्या पानावर नाही, दुसऱ्या पानावर. तिच्या घरी फोन येऊ शकते. जावयाले आधीच सांगून ठेवा."

 मुन्नालाल आतबाहेर बघून म्हणाले, "बाई, आत या ना. पंखा लावतो."

"नाई. अजून चार घरं आहेत."

"त्या दिवशी तुमाले हे माहीत होतं?"

"तुमीच तर रिपोर्ट आनून दिला होता, भाऊ."

आठवड्याने मुन्नालालचा निरोप मुर्रीला गेला. झालं गेलं विसरून जाऊ, पोराचीही इच्छा आहे. माणूस सुधारला असं कुणी समजू नये. त्याला कळलं होतं की आपलं झाकण बाईंच्या हातात आहे, एवढंच. निरोप घेऊन इंद्रकुमार स्वतः आला होता. प्रेरणा ड्यूटीवरून येत होती, फाटकातच भेटली.

"मी काकांसमोर बोलू शकलो नाही," तो म्हणाला.

"ते दिसलं मला," ती म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

टेकचंदांना वाईट वाटलं. स्थळ चांगलं होतं, मिल होती. आईने दोन दिवस धड जेवण केलं नाही. प्रेरणाने कुणाला समजावलं नाही. तिने बदलीचा अर्ज केला आणि देवरीला गेली. आता तिथेच राहते, अजून लग्न केलेलं नाही. विचारलं तर सांगते, घाई नाही.

'शुभसंदेश' बंद झाली म्हणून काही लोकांना आनंद झाला होता. हिमांशु तक्रारीच्या कामाने नागपूरला गेला तेव्हा त्याने पाहिलं, तिसरा मजला तोच, टेबलं तीच, बोर्ड मात्र नवा, नाव इंग्रजी. भुपेंद्र तिथेच बसलेला. त्याने हिमांशुला ओळखलं नाही, ओळखायचं त्याला कारणही नव्हतं. तपास चालू आहे असं पोलीस सांगतात. बंगळुरूला पत्र गेलं आहे, उत्तर आलेलं नाही. ज्यांनी यादी विकली ते कुठल्या शहरात बसले आहेत हेही कुणाला माहीत नाही.

बाईंनी केंद्र बंद केलं. कॉम्प्युटरमधली फाईल पुसली, पण त्याचा उपयोग किती ते त्यांनाही ठाऊक होतं. हिमांशु आता गोंदियात एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. तिथे पालकांची माहिती कुठल्याशा ॲपवर चढवायचा हुकूम आला तेव्हा त्याने लेखी विचारलं की कुठले रकाने आणि कशासाठी. मुख्याध्यापकांनी त्याला अडेलतट्टू म्हटलं. तो अडून राहिला.

शेवटची घरं अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या पायथ्याकडे होती. फाल्गुन लागला होता, मोहाची फुलं गळायला सुरुवात झालेली. तिथल्या मंदाबाईंच्या अंगणात फुलं वाळत घातलेली होती. त्यांची मुलगी वाहक, एकदा सोयरीक मोडलेली. सुमित्राबाईंनी नेहमीचं सगळं सांगितलं. हिमांशुने त्याचं सांगितलं. मंदाबाईंनी फुलं चाळता चाळता ऐकून घेतलं.

"तुमी इतक्या दूर येऊन सांगितलं, ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन आता पोरीसाठी पोरगा पाहाचा तर त्याले मी सांगू, का त्याले आधीच माहीत असंन?"

सुमित्राबाईंनी वाकून फुलांतली एक काडी बाजूला काढली. 

"सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून आयकू द्या."

मंदाबाईंनी मान हलवली, पटलं म्हणून की नाही ते कळलं नाही, आणि सूप उचलून आत गेल्या.